बंबाचं लाल बटण

आम्ही घर घेतलं तेव्हा तळघरातला बंब घराबरोबर आला. ज्या म्हाताऱ्या जोडप्याकडून घर घेतलं, त्यांनी निघताना किल्ल्या दिल्या, बागेतल्या सफरचंदाच्या झाडाची काळजी घ्यायला सांगितलं आणि बंबाकडे बघून दोघंही नुसतेच हसले. त्या हसण्याचा अर्थ मला पहिल्या हिवाळ्यात कळला. माझ्यापेक्षाही वयाने मोठं असलेलं ते बिडाचं धूड तेलावर चालायचं. चालू होताना अख्ख्या घराला कळेल असा हुंकार द्यायचं आणि थांबलं की बराच वेळ टिकटिकत राहायचं. खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापवायचं तेच आणि न्हाणीघरातल्या नळाला गरम पाणी पुरवायचंही तेच. त्याला बंब हे नाव सासूबाईंनी दिलं. त्याआधी आम्ही आपले सगळ्यांसारखे त्याला हायत्सुंग म्हणत होतो.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या जवळचं हे एक खेडं आहे. नवरा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मी श्टुटगार्टला एका ऑफिसात, आणि लेक इथल्या शाळेत पहिलीत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. नवरा आणि मी संध्याकाळी इतके दमलेले असतो की आमचीही भाषा अर्धी इकडची, अर्धी तिकडची होते.

सासूबाई आल्या त्या दिवाळीनंतर. सासरे गेल्यावरची ती पहिलीच दिवाळी होती, आणि ती त्यांनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटीने काढली. नवऱ्याच्या मनात होतं की त्यांनी आता दर हिवाळा आमच्याकडे काढावा. पुन्हा पुन्हा येता येईल असा व्हिसाही मिळाला होता. मिळाला नव्हता तो त्यांचा होकार. "बघू," म्हणाल्या होत्या. सासूबाईंच्या "बघू"चा अर्थ नाही असाच असतो, फक्त त्याबरोबर चहा मिळतो. मला मात्र त्या हव्या होत्या, आणि हे मी सुनेच्या कर्तव्यापोटी म्हणत नाही. मला तोंडदेखलं गोड बोलणारी माणसं सोसत नाहीत. सासूबाई आमटी बिघडली तर बिघडली म्हणतात, आणि जमली तर दुसऱ्यांदा वाढून घेतात. अशा माणसाबरोबर राहणं सोपं असतं.

पण एक गोष्ट आम्हाला दोघांनाही फोनवरून जाणवत होती. सासरे गेल्यापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं होतं: एकटीसाठी काय. एकटीसाठी काय कुकर लावायचा, म्हणून दुपारी कुस्करलेली पोळी. एकटीसाठी काय दिवा लावायचा, म्हणून संध्याकाळी अंधारात बसून फोन. आकाशकंदील माळ्यावरून खाली काढला नव्हता. त्यांनी तक्रार कधीच केली नाही, आणि म्हणूनच नवऱ्याने तिकीट काढून मोकळं व्हायचं ठरवलं. इथे माणसांत राहिल्या की ते वाक्य सुटेल, असं आम्हाला वाटत होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना सगळं घर फिरवून दाखवलं. तेलावर चालणाऱ्या बंबाला इथे एक वेगळं बटण असतं, काही झालं तर बाहेरच्या बाहेर बंद करता यावं म्हणून. आमच्याकडे ते तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी आहे, म्हणजे नेमकं न्हाणीघराच्या दाराशेजारी. लाल रंगाचं, आत बारीक दिवा असलेलं.

"आई, समजा नळाला गरम पाणी आलं नाही, तर आधी हे बटण बघ. चालू हवं," तो म्हणाला.

"समजलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना किती चांगलं समजलं होतं ते आम्हाला पुढे कळायचं होतं.

थोड्याच दिवसांत बंब गळायला लागला. एका शनिवारी नवरा बटाटे आणायला खाली गेला आणि तिथूनच त्याने मला हाक मारली. बंबाच्या पायाशी जमिनीवर तांबूस पाण्याचा ओघळ वाळला होता. वर बघावं तर सगळं कोरडं. दाब दाखवणारा काटा मात्र हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरलेला.

"आल्झो, म्हणजे पाणी कुठून तरी जातंय हे नक्की," तो म्हणाला. "पण लीक दिसत नाहीये. हात लावून बघ, सगळीकडे ड्राय."

आम्ही बंबाखाली मोठी परात ठेवली, तीच जी मी लग्नात मिळाली म्हणून इतकी वर्षं सांभाळली आणि जिच्यात कधी कणीक मळली नाही. सोमवारी संध्याकाळी परातीत पाणी होतं. मंगळवारीही होतं. बंब मात्र दोन्ही दिवशी कोरडा ठणठणीत. शनिवार-रविवारी आम्ही सगळे घरात असलो की परातही कोरडी. नवऱ्याच्या डोक्यातला इंजिनिअर जागा झाला. रोज संध्याकाळी बूट काढायच्या आधी तो टॉर्च घेऊन खाली जायचा, आणि वर येताना एक नवीन सिद्धांत घेऊन यायचा. कधी जमिनीखालचं पाणी, कधी कपडे धुण्याचं मशीन, एकदा तर शेजाऱ्यांची बाग. मग नळीने थोडं पाणी भरून काटा जागेवर आणायचा आणि जेवायला बसायचा.

जानेवारीत तसाही हा बंब जाणार होता. बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून घेणारा नवीन पंप आम्ही सांगून ठेवला होता, पण तो बसवायची तारीख, इथल्या भाषेत टेरमीन, मिळाली होती ती थेट जानेवारीची. जर्मनीत माणूस देवाची वाट बघत नाही इतकी कारागिराच्या टेरमीनची बघतो. तोवर या म्हाताऱ्याने तग धरणं भाग होतं. मधेच कोलमडला असता तर बर्फात आम्ही चौघं कुठे जाणार होतो, हा प्रश्न मी नवऱ्याला रोज विचारायचे आणि तो रोज म्हणायचा, "बघू." हा शब्द त्याला आईकडूनच आलाय.

सासूबाई खाली फिरकल्या नव्हत्या. तळघरात तेलाचा वास येतो, रॉकेलच्या दुकानासारखा, आणि तो त्यांच्या डोक्यात जातो. जेवताना आमची चर्चा ऐकून त्या म्हणाल्या, "तिकडून ती नळाला मळून लावायची लांबी आणली असती. आमच्या प्लंबरने तेवढ्यावर चार वर्षं काढली." मग त्यांनी विषय बदलला. त्यांना स्वतःची वेगळी काळजी होती. विरजण लागत नव्हतं. पुण्याहून त्यांनी सुकवलेलं विरजण डबीत जपून आणलं होतं, पण दूध सकाळी जसं असायचं तसंच संध्याकाळीही. "इथल्या गाईंनाच काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या.

लेक त्यांना चिकटून बसली होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, "आजीचे हात नेहमी आइसकाल्ट असतात." म्हणजे बर्फागत गार. आम्ही हसलो. म्हाताऱ्या माणसांचे हात गार असतातच, असं काहीतरी मी म्हणाले आणि भात वाढला.

हीटिंगवाला आला तो एका संध्याकाळी. पन्नाशी उलटलेला, भला थोरला, कमी बोलणारा, इथल्या श्वाबियन मुलखातला गडी. त्याने बंबाच्या सगळ्या अंगाला हात लावून पाहिला, आत टॉर्च घातला, गुडघ्यावर बसून वास घेतला. मग म्हणाला की वरचा सुरक्षेचा व्हॉल्व्ह गेलाय. तो त्याने बदलला. जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, "मधे कधी हा थंड पडतो का?"

"नाही, छे. दिवसरात्र चालू असतो," नवरा म्हणाला.

"मग हा व्हॉल्व्हच," म्हणून तो गेला. दुसऱ्या संध्याकाळी परातीत पुन्हा पाणी होतं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. लेकीला शाळेत सोडून मी स्टेशनवर पोचले आणि लक्षात आलं की लॅपटॉप स्वयंपाकघरातच राहिलाय. चडफडत परत फिरले. मागच्या दाराने आत आले, लॅपटॉप उचलला, आणि तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडल्याचा आवाज आला. सासूबाई अंघोळ करून बाहेर येत होत्या. पावलं थांबली. खट् असा आवाज झाला आणि मग त्यांचा आवाज, अगदी नेहमीसारखा, कोणाला तरी उत्तर दिल्यासारखा:

"केला हो बंद."

मी तशीच उभी राहिले. ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. लग्न होऊन मी कोथरूडला गेले तेव्हा रोज सकाळी ऐकायचे. सासरे पेपरमागून एकच शब्द टाकायचे: "गिझर?" आणि अंघोळ करून आलेल्या सासूबाई म्हणायच्या, "केला हो बंद." आपल्याकडच्या घरांत हा संवाद नाही असं घर मी पाहिलेलं नाही. माझ्या माहेरी तर तो दारावर थापा मारून व्हायचा. न्हाणीघराबाहेरचं लाल दिव्याचं बटण, अंघोळीआधी चालू, अंघोळ झाली की बंद. ते विसरणं म्हणजे मोठाच गुन्हा. आणि इथे आम्ही त्यांना न्हाणीघराशेजारचं लाल दिव्याचं बटण दाखवून सांगितलं होतं की गरम पाण्यासाठी हे चालू हवं. दुसरं काय होणार होतं?

मी पुढे झाले. सासूबाई दचकल्या, आणि मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी घाईने हात लांबवून बटण पुन्हा चालू केलं.

"अगं, तू घरी आहेस होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गेलात सगळे. थांब, चालू केलंय."

"म्हणजे आम्ही गेल्यावर तुम्ही रोज बंद करता?"

"रोजच करते की. तुम्ही यायच्या आत पुन्हा लावते. घर गरम होतं तोवर."

"आणि मधे? दिवसभर तुम्ही थंडीत बसता?"

"थंडीत कसली. दोन स्वेटर आहेत, शाल आहे, गरम पाण्याची पिशवी आहे." आणि मग ते वाक्य आलंच. "एकटीसाठी काय एवढं अख्खं घर तापवत बसायचं."

मला एकदम रडू आलं आणि रागही आला, आणि माझ्या बाबतीत अशा वेळी राग आधी बाहेर पडतो. मी म्हणाले, "आई, बाहेर पाणी गोठलंय. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" त्या म्हणाल्या, "काही होत नाही मला," आणि पोळ्यांची कणीक भिजवायला निघून गेल्या. मी ऑफिसला कळवलं की आज घरूनच काम करते. दिवसभर बंब हुंकारत राहिला. संध्याकाळी खाली जाऊन पाहिलं, तर परातीत थेंब नव्हता. तेव्हा कुठे मला हीटिंगवाल्याचा प्रश्न आठवला.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला, आणि मग त्याला पुरावा हवा झाला. शनिवारी सकाळी त्याने स्वतः बटण बंद केलं. आम्ही दोघं घडीच्या खुर्च्या आणि थर्मासमधला चहा घेऊन तळघरात बसलो. लेक शेजारी खेळायला गेली होती. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई नाकाला पदर लावून खाली आल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या. बंब टिकटिक करत निवत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग बिडाच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात ओलसर रेघ उमटली, ती भरत गेली, आणि परातीत टप् असा पहिला थेंब पडला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," नवरा खूश होऊन म्हणाला. "थंड झाला की बीड आकसतं, सांधा सैल होतो आणि गळतो. गरम झाला की फुगून परत बंद. म्हणून संध्याकाळी काही दिसायचं नाही. रोज तापतोय, रोज निवतोय, जुनं पॅकिंग किती सोसणार?"

तो उत्तर सापडल्याच्या आनंदात होता. मी त्याला कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. सासूबाई परातीकडे बघत होत्या. दुसरा थेंब पडल्यावर त्या उठल्या आणि कठड्याला धरून वर गेल्या.

जेवताना त्यांनी आधी सगळ्यांना वाढलं आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करून दे."

"का?"

"बँकेचं काम आहे."

"बँकेचं काही काम नाही, आई," मी म्हणाले.

"बरं, नाही. मी आले आणि तुमचं चाललेलं यंत्र बिघडवून ठेवलं. अजून राहिले तर काय काय बंद करेन याचा नेम नाही. आपलं घर बरं. तिथलं बटण मला माहीत आहे."

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी समजावणीचं बोलायला लागला, की तसं काही नाही, जुनंच होतं, जाणारच होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता. मग मी बोलले.

"बंब बिघडला याचा मला राग नाही. रोज संध्याकाळी आम्ही तुम्हाला विचारत होतो दिवस कसा गेला, आणि तुम्ही छान म्हणून सांगत होतात. गारठून छान. याचा राग आलाय. तुम्ही आमच्या घरात एकट्या बसून थंडी काढायची आणि आम्हाला कळूही द्यायचं नाही, हे मला चालणार नाही. इथून गेलात तर तिकडे तुम्ही तेच कराल. अंधारात बसाल."

लेक घास तोंडात धरून आमच्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी माझ्या पानात ताक वाढलं, दुकानातल्या दह्याचं, आणि म्हणाल्या, "जेव आधी." तिकिटाचं पुढे काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ते मनातून काढलेलंही नव्हतं. रविवारी मी खोलीत गेले तर बॅग पलंगाखालून बाहेर आलेली होती.

सोमवारी हीटिंगवाला आला. नवऱ्याने सगळं सांगितलं. तो मान हलवत ऐकत राहिला, मग आपण व्हॉल्व्ह उगाचच बदलला असं स्वतःच म्हणाला आणि त्याचे पैसे घेणार नाही म्हणाला. त्याचं पुढचं म्हणणं असं होतं: आता हा सांधा दुरुस्त होण्यासारखा नाही, आणि दुरुस्त करून उपयोगही नाही, कारण जानेवारीत नवीन येतोय. पण तोवर हा एकदाही थंड पडता कामा नये. पडला तर सांधा बहुतेक पुरता उघडेल. आणि काटा दिवसातून दोनदा तरी बघायला हवा, उतरला तर पाणी भरायला हवं. "दिवसा घरात कोण असतं?" त्याने विचारलं.

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"त्याला विचार," सासूबाई मला म्हणाल्या, "माझ्यामुळेच झालं ना हे?"

मी विचारलं, जरा सौम्य करून. पण तो श्वाबियन होता, साखर पेरणं या लोकांत नसतं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "हो. बंद केला नसता तर कदाचित जानेवारीपर्यंत काढला असता." मला त्याचा गळा धरावासा वाटला. दोन शब्द खोटे बोलायला काय जात होतं याचं? पण सासूबाईंना भाषांतर करून सांगावंच लागलं, कारण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

त्यांनी मान डोलावली. "चला, एकजण तरी खरं बोलला," म्हणाल्या. "तुम्ही दोघं मला लहान मुलासारखं समजावत होतात." मग पदर खोचला आणि त्याला म्हणाल्या, थेट मराठीत, "दाखवा काय करायचं ते."

तो खाली गेला आणि त्या त्याच्या मागोमाग गेल्या, तेलाच्या वासासकट. मी दुभाषी म्हणून बरोबर होते, पण माझी फारशी गरज पडली नाही. तो काट्यावर बोट ठेवायचा, त्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवायच्या. तो नळी जोडून तोटी अगदी हळू फिरवून दाखवायचा, त्या त्याचा हात बाजूला करून स्वतः फिरवून बघायच्या. शेवटी तो म्हणाला "जा, जा, सुपर," म्हणजे हो, हो, मस्त, आणि सासूबाई म्हणाल्या, "कळलं. कुकरपेक्षा सोपं आहे."

बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. "बंब जानेवारीपर्यंत पोचवते, मग जाते," असं त्यांनी जाहीर केलं. होकार नव्हता, पण मुदत वाढली होती, आणि नवऱ्याने त्यावर शहाणपणाने तोंड मिटून घेतलं.

मी आठवड्यातले काही दिवस घरून काम करायला लागले, आणि म्हणून मला पुढचं ऐकता आलं. सासूबाई अंघोळ करून बाहेर यायच्या, पावलं त्या बटणापाशी थांबायची. खट् व्हायचं नाही. मग हळू आवाज यायचा: "बंबासाठी चालू ठेवलाय हो." सासऱ्यांना त्या खुलासा देत होत्या. घरात मी होते की नव्हते, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. बंब थंड पडायला नको, एवढंच. स्वतःसाठी म्हणून त्यांनी ऊब घेतली नसती. बंबासाठी म्हणून मात्र निमूट घेत होत्या.

तळघर त्यांचं झालं. प्लास्टिकचं स्टूल खाली गेलं. सकाळचं आवरलं की त्या ताटात तांदूळ घेऊन बंबाशेजारी निवडत बसायच्या. इथल्या तांदळात खडा सापडत नाही याचं त्यांना जरा वाईटच वाटायचं. पुण्याला बहिणीला फोन लावून तिला बंबाची तब्येत कळवायच्या: "आज काटा बरा आहे. सकाळी थोडं पाणी दिलं." बहिणीला वाटलं असणार की कोणीतरी आजारी आहे. मग एक दिवस स्टीलच्या पातेल्यात दूध विरजून त्यांनी ते बंबाच्या डोक्यावर ठेवलं, वर ताटली आणि ताटलीवर घडी केलेला टॉवेल. संध्याकाळी पातेलं तिरकं करून आम्हा सगळ्यांना दाखवलं. सुरीने कापावं असं दही होतं.

"गाईंना काही झालेलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर घरात खऱ्या अर्थाने स्वयंपाक सुरू झाला. इडलीचं पीठ फुगायला लागलं, ढोकळा झाला, कढी झाली. दुपारी त्या स्वतःसाठी कुकर लावायला लागल्या, हे मला सिंकमधल्या भांड्यांवरून कळलं. एका स्वेटरवर आल्या. लेकीने शाळेत आजीचं चित्र काढलं, त्यात आजी आणि एक मोठा डबा शेजारी शेजारी उभे होते आणि दोघंही हसत होते. तिच्या बाईंनी मला विचारलं की हे आजोबा का. मी म्हटलं, तसंच काहीसं.

जानेवारीत थंडी चांगलीच पडली. एकदा काटा एवढा उतरला की सासूबाईंनी नवऱ्याला कारखान्यात फोन केला, आणि तो गाडी काढून यायच्या आत स्वतःच पाणी भरून पुन्हा फोन केला की येऊ नकोस, झालं. बंब गळत होता, थोडा थोडा, गरम असूनही. पण चालत होता. नवीन पंप ठरल्या दिवशी आला, जी इथेही रोज घडणारी गोष्ट नाही. त्याच हीटिंगवाल्याने आपली माणसं आणून जुन्या बंबाचे घणाने तुकडे केले आणि एकेक तुकडा जिन्यावरून वर चढवला. त्याआधी सासूबाईंनी बंबाच्या डोक्यावरचं दह्याचं पातेलं उतरवलं आणि त्याच्या दारावर हळदीकुंकवाचं बोट लावलं. हीटिंगवाला टोपी काढून उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नवीन यंत्र बागेत आहे, आणि त्याचा आवाज एवढासा. न्हाणीघराशेजारचं लाल बटण आता कशालाच जोडलेलं नव्हतं. ते काढून झाकण लावून देऊ का, असं हीटिंगवाल्याने विचारलं. नवरा हो म्हणणार होता. मी म्हटलं, राहू द्या.

सासूबाईंच्या जाण्याला आठवडा उरला होता. त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत बॅग भरायला मदत करत होते. मी स्वेटर, शाल आणि लोकरीचे मोजे घडी करून बॅगेत ठेवले. त्यांनी ते एकेक करून बाहेर काढले, कपाटाच्या खालच्या फळीवर नीट रचले आणि कपाट लावून टाकलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी विरजणाची डबी मोठी आणते."

मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता. त्याने पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आणि लेक गेले. मलाही जायचं होतं. मी दारात बूट घालत होते, आणि सासूबाईंना बहुतेक वाटलं की मीही गेले. न्हाणीघराचं दार उघडलं. पावलं बटणापाशी थांबली. आता खुलासा द्यायला बंबही उरला नव्हता. मी बुटाची नाडी हातात धरून तशीच बसले.

"असू दे हो चालू," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे घरात."